शेजारणीचा काचेचा बाऊल

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण हे माझ्या सख्ख्या आईच्या बाबतीत घडलंय. ऐकीव काहीच नाही. ज्या घरात घडलं, त्याच घरात बसून मी हे लिहितेय.

आणि एक आधीच सांगते. यात अमावस्या नाही, मध्यरात्र नाही. जे झालं ते भर दुपारी झालं, लख्ख उन्हात.

साल २००६. अ‍ॅरिझोनातलं स्कॉट्सडेल.

मी आणि माझा नवरा परीक्षित, दोघंही कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत. ऑफिसमधली सगळी मराठी मंडळी चँडलरला नव्या घरांत राहायची. इंडियन स्टोअर जवळ, मुलांना सोबत. पण आमच्या साहेबांना, म्हणजे परीक्षितला, जुन्या घरांचं वेड. त्यांनी शोधून काढली ही पन्नास वर्षांपूर्वीची वस्ती. सपाट छपरं, भिंतींऐवजी जमिनीपासून छतापर्यंत काच, अंगणात वाळू आणि निवडुंग. वस्तीला ऐतिहासिक दर्जा मिळालेला, त्यामुळे घराला बाहेरून काही बदल करायचा तर कमिटीची परवानगी लागते. परीक्षित म्हणायचा, असं घर पुन्हा मिळणार नाही. मी म्हणायचे, देव करो आणि न मिळो.

आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये एक भिंत आहे. सिमेंटच्या जाळीदार ठोकळ्यांची, माणसापेक्षा जराशी उंच. जाळीतून पलीकडचं तुकड्यातुकड्यांनी दिसतं.

आमची सावनी तेव्हा आठ महिन्यांची होती. तिला सांभाळायला आई नागपूरहून आली. बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं.

उन्हाचं आईला काही वाटलं नाही. नागपूरच्या बाईला उन्हाचं काय कौतुक? तिला खटकली ती शांतता. रस्त्यावर चिटपाखरू नाही. सगळे आपापल्या थंड घरात बंद. आमची आई म्हणजे भाजीवाल्याशीसुद्धा अर्धा तास बोलणारी बाई. इथे तिला दिवसभर सावनी आणि एसीची घरघर. संध्याकाळी मी आले की ती बाबांबद्दल बोलायची. तेच तेच किस्से. मी दमलेली असायचे, पण ऐकायचे. बाबांचं तिच्याजवळ आता तेवढंच उरलं होतं.

एका संध्याकाळी घरी आले तर ओट्यावर एक बाऊल...

जाड काचेचा, फिरोजी रंगाचा, वर पांढरी नक्षी. आत ताजी अंजिरं.

आई खुशीत होती. म्हणाली, शेजारणीने दिली, भिंतीवरून. माझ्याच वयाची आहे, नखं रंगवते, एकटीच असते. मी विचारलं, तुम्ही बोललात कोणत्या भाषेत? तर म्हणे, ती तिचं बोलते, मी माझं बोलते, समजतं.

आम्ही दिवसभर ऑफिसात, शेजारी कोण राहतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आईने बाऊल परत दिला. रिकामा नाही, अर्थात. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करतात का? त्यात रव्याचे लाडू गेले. दोन दिवसांनी बाऊल परत आला, पीकान घेऊन, म्हणजे अक्रोडासारखा इथला सुकामेवा. मग इकडून शंकरपाळे गेले. तिकडून खजूर आले. इकडून चकल्या. उन्हाळाभर हेच. आई सकाळपासून काय करायचं याचा विचार करायची. चेहऱ्यावर तजेला आला होता.

सप्टेंबरमध्ये एक दिवस मी घरून काम करत होते. दुपारी पलीकडून आवाज आला. सरकतं काचेचं दार रुळावर घासत उघडतं, तसा. आई लगेच उठली, बाऊल घेऊन अंगणात गेली. मी खिडकीतून बघितलं. ती भिंतीशी उभी राहून बोलत होती, हसत होती, मान डोलावत होती.

मला फक्त आईचाच आवाज ऐकू येत होता...

म्हटलं, शेजारीण हळू बोलत असेल.

त्याच आठवड्यात समोरची लिंडा भेटली. साठीची, वस्तीच्या कमिटीवर. मी सहज म्हटलं, आमच्या शेजारणीने माझ्या आईला फार जीव लावलाय. लिंडाने विचारलं, कोणती शेजारीण? ते घर तर मी आल्यापासून रिकामं आहे. मालक दुसऱ्या राज्यात, विकत नाही, आणि ऐतिहासिक म्हणून पाडताही येत नाही.

मी तशीच पलीकडे गेले. दिवसाउजेडी, पाच वाजता.

या घरांमध्ये लपवायला जागाच नाही. समोरच्या काचेतून आरपार मागचं अंगण दिसतं. आत एक खुर्चीसुद्धा नव्हती. अंगणात अंजिराचं झाड नव्हतं. झाडच नव्हतं. वळसा घालून मागे गेले. त्या सरकत्या दाराचा रूळ वाळूने आणि वाळक्या पानांनी गच्च भरला होता. ते दार कित्येक वर्षांत हललेलं नव्हतं.

मग माझी नजर आतल्या ओट्यावर गेली...

लाडू. शंकरपाळे. चकल्या. आईने उन्हाळाभर दिलेलं सगळं तिथे ओळीने मांडून ठेवलं होतं. एकाही लाडवाचा तुकडा मोडलेला नव्हता. मुंगीसुद्धा लागलेली नव्हती.

मी पळत घरी आले. 

परीक्षितने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, कुणीतरी बेघर बाई राहत असेल, पोलिसांना फोन करू. पोलीस आले, बघून गेले. दारं बंद, कुलूप जागेवर. ओटा रिकामा होता, असं त्यांनी सांगितलं.

बाऊल तेव्हा आमच्याकडे होता. आई त्यात तिखट पुऱ्या भरत होती. मी तिला म्हटलं, आता भिंतीपाशी जायचं नाही. कारण सांगितलं नाही, सांगणार तरी काय? आई चिडली. म्हणाली, "ती तिकडे वाट पाहून राहिली असेल." मी बाऊल उचलला आणि बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. सकाळी कचऱ्याची गाडी माझ्यासमोर तो डबा रिकामा करून गेली.

संध्याकाळी ऑफिसमधून आले. ओट्यावर बाऊल.

आत बाबांचा अडकित्ता...

तुम्हाला कसं सांगू. पितळी, एका मुठीला बारीक मोर. मी सहावीत असताना तो रेल्वेच्या प्रवासात हरवला होता. बाबा कितीतरी वर्षं त्याची आठवण काढायचे. परीक्षित म्हणाला, आईनेच बॅगेतून आणला असेल. पण मी त्या प्रवासात होते. आम्ही सगळा डबा पालथा घातला होता.

आई बाऊलसमोर बसून होती. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही. काळजीत होती. पाहुण्याने फार महागाची भेट आणली की आपण जसे अवघडतो, तशी.

"एवढं मोठं दिलं तिनं," आई म्हणाली. "आता मी काय देऊ?"

आणि हे म्हणताना ती सावनीकडे बघत होती.

मी त्या क्षणी सावनीला उचललं. दुसऱ्या दिवसापासून रजा टाकली. आईचं तिकीट अलीकडचं करून घेतलं. सावनीला मी एक मिनिट खाली ठेवत नव्हते. स्वतःच्या आईपासून स्वतःची मुलगी जपायची, ही वेळ कुणावर येऊ नये. आई मुकाट्याने बॅग भरत होती, मधूनच थांबून विचार करत होती.

तिच्या जाण्याच्या आदल्या दुपारी मी सावनीला आंघोळ घालत होते. तेवढ्यात पलीकडचं दार घासत उघडल्याचा आवाज आला...

ओल्या सावनीला टॉवेलमध्ये गुंडाळून मी धावले. आई भिंतीपासून परत येत होती. हात रिकामे. बाऊल गेला होता.

"काय दिलंस?" मी विचारलं.

"तुझं काही नाही दिलं," आई म्हणाली. "माझंच होतं."

सावनी माझ्या कडेवर होती, धडधाकट, केस निथळत. मी तिला घट्ट धरलं. वाटलं, सुटलो.

आई नागपूरला पोचली. आठवड्याने उत्तरा वहिनीचा फोन आला. आवाज दबलेला. म्हणाली, आई हॉलमधल्या बाबांच्या फोटोसमोर उभ्या होत्या. विचारत होत्या, हे कोण?

दादाने सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे सगळं ठीक आहे. आणि खरंच बाकी सगळं ठीक होतं. मी, दादा, वहिनी, शेजारपाजार, भाजीचे भाव, सगळं तिला आठवतं. फक्त बाबा नाहीत. लग्न झालं होतं हे तिला माहीत आहे, पण कुणीतरी सांगितल्यासारखं. अडकित्ता ती उशाशी घेऊन झोपते. कुणाचा, ते सांगता येत नाही.

इथवर मी स्वतःची समजूत काढू शकले असते. म्हातारपण म्हणून सोडून दिलं असतं.

पण पुढच्या मार्चमध्ये एका शनिवारी परीक्षित सावनीला घेऊन बाहेर गेला होता. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. दार घासल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ...

"...मग हे म्हणाले, पोहे कुणी केलेत? मी म्हटलं, मी. तर हे घाबरून म्हणाले, छान आहेत..."

आईचा आवाज होता.

तोच सूर, तेच मध्ये श्वास घेणं. मग ती थांबली. कुणीतरी काहीतरी विचारावं, एवढा वेळ. मग हसली आणि पुढे सांगू लागली.

मी जाळीला डोळा लावला. पलीकडे ऊन, वाळू आणि बंद दार. कुणीही नव्हतं. मी नागपूरला फोन लावला. तिथे रात्र होती. वहिनी म्हणाली, आई गाढ झोपल्या आहेत.

आता दोन वर्षं होतील. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी भिंतीशी जाऊन उभी राहते. परीक्षितला वाटतं, मी बागकाम करते. आई दर वेळी पुढचं सांगते. सीताबर्डीची पहिली भाड्याची खोली. बाबांचं आजारपण. मी जन्मले त्या दिवशी बाबा दवाखान्यात चपला उलट्या घालून आले होते, हे मला त्या भिंतीनेच सांगितलं. फोनवरच्या आईला मी ते विचारलं, तर ती म्हणाली, असेल बाई.

भीती वाटते, पण जावंसंही वाटतं. माझी आई मला जिथे सापडते, तिथे मी जाते. दुसरं काय करू?

परीक्षितला टेक्सासमध्ये, प्लेनोला नोकरी लागलीय. घरभर खोके पडलेत. येत्या शनिवारी ट्रक येणार. तो म्हणतो, बरं झालं, तुझ्या मनासारखं नवं घर घेऊ.

काल दुपारी मी भिंतीशी उभी होते. आई बोलता बोलता मध्येच थांबली. तिने आवाज जरा खाली केला.

"ही माझी मुलगी," ती म्हणाली. "सुवर्णा. ऐकायला येते."

मग शांतता. पलीकडे कुणीतरी काहीतरी विचारत होतं. नेहमीपेक्षा जास्त वेळ.

"तिला विचारून सांगते," आई म्हणाली.

मी घरात पळाले आणि सगळे पडदे ओढून घेतले.

आता एक वाजत आलाय. परीक्षित खोक्यांना चिकटपट्टी लावतोय. बाहेर दार घासल्याचा आवाज मी आत्ताच ऐकला. त्याने ऐकला नाही.

आई माझी वाट बघत असेल.