उप्पुला कोण चारतंय?

“अय्यो! वेंकट, बघ! उप्पुने पुन्हा पाठ फिरवली!”

हरिणीने टॅबलेट वेंकटच्या नाकासमोर धरला. पडद्यावर उप्पु कोपऱ्यात तोंड खुपसून बसला होता. उप्पु म्हणजे त्या तिघांचा याळी. देवळाच्या खांबांवर कोरलेला असतो ना, सिंहाचं अंग आणि हत्तीची सोंड असलेला? तोच! ‘याळीवन’ या खेळात खांबावरचा दगडी याळी जागा करायचा, त्याचं पिल्लू पाळायचं, शिकवायचं आणि त्याला घेऊन मोहिमेवर निघायचं. खायला घातलं की त्याचं बळ वाढतं. पण शिकवायचं तर आधी लळा लावावा लागतो; नुसतंच चारत राहिलं तर लळा ओसरतो. पडद्यावर बोट ठेवायचं, हाक मारायची आणि तो आपणहून जवळ येईपर्यंत थांबायचं. लळा संपला, की याळी परत खांबावर चढतो आणि कायमचा दगड होतो. मग कितीही रडा!

मे महिन्याच्या सुट्टीत चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या एका उंच इमारतीतल्या या तीन मुलांना दुसरं काही सुचतच नव्हतं. हरिणी आणि वेंकट एकाच वर्गातले, दोघांचीही घराणी मूळची तंजावरची मराठी. तिसरी तुळजा, वयाने दहा वर्षांची आणि जिभेने चाळीसची. ती गेल्या वर्षी साताऱ्याहून आली होती. तिघांत मिळून एकच याळी, आणि तो तिघांच्याही घरून उघडता येत होता.

“बळ तर भरून वाहतंय,” वेंकट डोळे बारीक करून म्हणाला. “काल अर्धंच होतं.”

“आणि लळा? अगंबाई, तळाला गेलाय!” तुळजाने मध्येच मान घुसवली. “हरिणीताई, त्याचे पाय बघ, करडे पडलेत!”

खरंच! दगड पायांपासून वर चढायला लागला होता.

“कोणीतरी ह्याला नुसतं चारतंय,” वेंकट म्हणाला. “हाक नाही, लाड नाही. नुसतं खा, खा, खा!”

“मी नाही हं!” तुळजा म्हणाली.

“मी पण नाही,” हरिणी म्हणाली.

“आणि मी तर नाहीच!” वेंकट म्हणाला. पण हे ऐकताना हरिणीच्या मनात पाल चुकचुकली. पासवर्ड तिघांनाच ठाऊक. मग चौथा येणार कुठून?

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी मुली इमारतीखालच्या पोहण्याच्या तलावात होत्या. वेंकटचा पत्ता नव्हता. बाहेर येऊन ओल्या हातांनीच हरिणीने टॅबलेट उघडला. उप्पुचं बळ आणखी वाढलं होतं आणि दगड कमरेपर्यंत आला होता!

तेवढ्यात वेंकट आईबरोबर फाटकातून आत शिरला.

“कोठे होतास?” हरिणीने तिथूनच आवाज चढवला.

“काम होतं.”

“काय काम?”

“होतं काहीतरी.”

“कळलं! आम्ही पाण्यात असताना तू ह्याला चारत होतास! एकट्याच्या मोहिमेवर न्यायचाय ना तुला? चोर आहेस रे डा तू, चोर!”

तलावाकाठी चालणारी मोठी माणसं थबकली. छोटी मुलं पाण्यातून माना वर काढून बघू लागली. वेंकटचा चेहरा एवढासा झाला. त्याने खिशातून हळूच नवा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

“नुंगंबाक्कमच्या दवाखान्यात डोळे तपासायला गेलो होतो. तू हसशील म्हणून सांगितलं नाही.”

तिथल्या तिथे माफी मागितली असती तर? पण नाही! बाईसाहेबांचं नाक मोठं! सगळे बघतायत, आता माघार कशी घ्यायची? मनात चर्र झालं तरी हरिणी बोलून गेली, “मग? चारायला फोन पुरतो. डॉक्टरकडे बसूनही चारता येतं!”

आईचा हात धरून वेंकट लिफ्टकडे निघून गेला. हरिणीला दुपारी जेवण गेलं नाही. घास फिरत राहिला.

संध्याकाळी तो आपण होऊन आला. हरिणीच्या शेजारी मात्र बसला नाही. लांब कठड्याला टेकून उभा राहिला.

“उप्पुसाठी आलोय,” त्याने बजावलं. “चष्म्यातून नीट बघितलं मी. प्रत्येक वेळी घास एकाच ठिकाणी पडतो, उप्पुच्या खायच्या परातीच्या बरोब्बर मधे. आपलं बोट कधी इकडे पडतं, कधी तिकडे. हा कोण आहे, की कधी चुकतच नाही?”

“मग परात सरकवू आणि तिथे देवळातली घंटा ठेवू!” तुळजाने टाळी वाजवली. खेळातल्या या घंटेला ज्या फोनवरून किंवा टॅबलेटवरून हात लागेल, तिथेच ती दणदणत असे. “घंटा वाजली की चोर सापडला!”

“माणूस असेल तर परात हललेली दिसेल त्याला,” हरिणी पुटपुटली.

“असू दे. बघू तरी. आणि माझा फोन हा घे.” वेंकटने फोन तिच्यासमोर ठेवला. “म्हणजे पुन्हा काही म्हणायला नको.”

हरिणीला तो फोन उचलवेना.

घंटा बसवून तिघं जिन्याने वर निघाली. प्रत्येक मजल्यावर दारोदार कान लावायचा! कुठे कुकरची शिट्टी, कुठे क्रिकेटची कॉमेंटरी, एका घरी तर यांची चाहूल लागून कुत्राच अंगावर भुंकला. तिघं धूम पळाली! आठव्या मजल्यावर पोचताना तुळजा धापा टाकत होती, आणि तेवढ्यात...

ठणठणठणठण!

“वाजली! वाजली!” तुळजा ओरडली. “या बाजूला! चला!”

आवाजामागे धावत तिघं एका दारासमोर येऊन थांबली. दारावर आंब्याचं तोरण, खाली रांगोळी. हरिणीला ती रांगोळी ओळखीची होती. सकाळी तिनेच घातली होती.

दार आतूनच उघडलं. तिची आई, जयंती, कपाळाला हात लावून उभी होती.

“आलीस? ती घंटा बंद कर गं बाई! अप्पांचा जुना लॅपटॉप आहे. हात लावू नका म्हणून बजावून ऑफिसला गेलेत!”

खोलीत कोणीच नव्हतं. टेबलावर लॅपटॉप उघडा, आणि पडद्यावरचा बाण आपोआप हलत होता. टक, टक, टक! परात बाजूला पडलेली, पण बाण आपला घंटेवरच टिचक्या मारत होता. कोपऱ्यात उप्पु सोंड गुंडाळून बसला होता. दगड त्याच्या गळ्यापर्यंत आला होता.

हरिणीने लॅपटॉप बंद केला आणि स्पीकरवर अप्पांना फोन लावला.

“सापडलं का?” सिरुसेरीच्या ऑफिसातून तिच्या वडिलांचा, गिरीधर अप्पांचा, आवाज खुशीत आला. “सरप्राइज होतं, कण्णा! दुसऱ्या टॉवरचा याळी आपल्यापेक्षा दांडगा म्हणून तू रडत होतीस ना? ह्या लॅपटॉपवर तू खेळ उघडाच ठेवला होतास. टेस्टिंगमध्ये आमचं हेच काम! माणसाऐवजी प्रोग्रॅमकडून बटणं दाबून घ्यायची. दर तासाला चारतोय बघ, न चुकता!”

“अप्पा, उप्पु दगड होतोय,” हरिणी म्हणाली. “आणि मी वेंकटला चोर म्हटलं. सगळ्यांसमोर.”

वेंकट तिथेच उभा होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं! त्याने नुसता चष्मा पुसला. हरिणीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं.

अप्पा काम टाकून घरी आले आणि सगळे खाली उतरले. तोवर बातमी इमारतभर झाली होती. तलावाकाठी असोसिएशनचे अध्यक्ष कृष्णस्वामी मामा पुढे होऊन गडगडले, “शाब्बास हरिणी! आठ मजले पालथे घालून घरातलाच चोर पकडलास! काय हुशार मुलगी!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकेक टाळी हरिणीला गालावर बसल्यासारखी वाटली.

“नका, मामा!” ती एकदम म्हणाली. तिचे कान तापले होते. “मी काही पकडलं नाही. खूण वेंकटने ओळखली, घंटा तुळजाने सुचवली. मी फक्त इथेच, तुमच्या सगळ्यांसमोर, त्याला चोर म्हटलं. त्याने खरं सांगितलं तरी म्हटलं. वेंकट, माझं चुकलं. फार चुकलं.”

टाळ्या थांबल्या. गळ्यातलं ओळखपत्रही न काढता अप्पा पुढे आले. “वेंकट, बाबा, मूळ चूक माझी. मुलांना न विचारता मी नाक खुपसलं.”

कृष्णस्वामी मामांनी घसा खाकरला. “हं. मग शाब्बासकी तिघांना. आणि गिरीधर, तुला नाही!”

हशा पिकला, पण हरिणी हसली नाही. ती कठड्यावर टॅबलेट घेऊन बसली आणि पडद्यावर बोट ठेवलं. “उप्पु,” तिने हळूच हाक मारली. उप्पु हलला नाही. तुळजाने बोट ठेवलं. तरी नाही. अप्पा खाली वाकून म्हणाले, “एखादं केळं देऊ का?”

“नको!” दोघी एकदम ओरडल्या.

बोटं भरून आली. माणसं पांगली. हरिणीच्या डोळ्यांतलं पाणी काचेवर पडलं, ते तिने दुसऱ्या हाताने पुसलं, पण बोट उचललं नाही. तेवढ्यात उप्पुची सोंड हलली. अगदी एवढीशी! गळ्याजवळचा करडा रंग किंचित उतरला.

“अगं डी, नख नको टेकवू. घाबरतो तो,” मागून वेंकटचा आवाज आला.

हरिणीने मान वर केली नाही. तिची हिंमतच झाली नाही.

“सरी, बरं, सरक थोडी,” वेंकट म्हणाला. “मला बसायला जागा दे.”