चार इमलीच्या गारा

शकुंतलाबाईंनी शेजारधर्मासाठी जवळ ठेवलेली किल्ली फिरवली, दार लोटले आणि त्या जागच्या जागी थिजल्या.

भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादमधील त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले गोपीनाथ अष्टपुत्रे पालथे पडले होते. खलबत्त्यातील लोखंडी बत्त्याने त्यांचे मस्तक मागून अक्षरशः ठेचले होते. रक्त पार उंबरठ्याशी येऊन थबकले होते.

त्यांचा पुतण्या शैलेंद्र भिजक्या सदऱ्यानिशी बाईंच्या मागेच उभा होता. "काका," एवढेच तो म्हणाला आणि जिन्यावर मटकन बसला.

त्या दिवशी चार वाजता मोबाईल दुरुस्त करणारा नितीन तेथे येऊन गोपीनाथरावांशी कडाडून भांडला होता, हे साऱ्या इमारतीने ऐकले होते. मग काय, जमावाला न्यायाधीश व्हायला कितीसा वेळ लागतो? त्यांनी नितीनला दुकानातून फरफटत काढले, शटरच्या सळईने झोडपले आणि उजव्या हाताची बोटे बुटांखाली चिरडली. पोलिसांनी बेड्या घातल्या म्हणूनच त्याचा प्राण वाचला.

इन्स्पेक्टर परीक्षित मुजुमदार हे मूळचे उज्जैनचे, मितभाषी गृहस्थ. दुसऱ्या दिवशी सकाळी ते रुग्णालयात नितीनच्या खाटेपाशी बसले. दुपारी तीनला त्याला खुनाच्या आरोपाखाली न्यायालयात उभे करायचे होते.

"भांडण कशावरून झाले?"

"हवामानावरून, साहेब." नितीनच्या सुजलेल्या ओठांतून शब्द कसेबसे बाहेर पडले. "फोनमधलं हवामानाचं ॲप रोज पाऊस दाखवतं, आणि इथं कडक ऊन. काका म्हणायचे, नीट कर."

"बिघाड काय होता?"

"काहीच नाही. त्यांच्या मुलीनं, शमिकाताईंनी, फोन नागपुरात चालू करून पाठवला होता. ॲपमध्ये नागपूरच बसलेलं. मी म्हणालो, लोकेशनची परवानगी द्या, भोपाळ आपोआप येईल. तर म्हणतात, चाळीस वर्षं मी लोकांचे फोन जोडले, फोन कसा पाळत ठेवतो ते मला शिकवू नकोस. परवानगी द्यायची नाही, आणि पाऊस मात्र भोपाळचा पाहिजे."

"शहराचे नाव त्यांना दिसत नव्हते?"

"अक्षरं इतकी मोठी करून घेतली होती की नाव पडद्यावर मावतच नव्हतं. शेवटी मी म्हणालो, फोन ठीक आहे काका, तुम्हीच बिघडलात. मग त्यांनी माझं खानदान काढलं. सव्वाचारला मी निघालो तेव्हा जिन्यापर्यंत शिव्या ऐकू येत होत्या."

"त्या कोणी ऐकल्या?"

"ऐकल्या असतील. आता आठवतील कोणाला?"

मुजुमदारांनी प्रेताशेजारी सापडलेला फोन काढला. कुलूपबंद पडद्यावर आदल्या दिवशीची पाच वाजून दहा मिनिटांची सूचना होती. ठसठशीत अक्षरांत दोनच शब्द: मुसळधार, गारपीट.  ते उठून बाहेर गेले आणि त्यांनी नागपूरला फोन लावला.

बारा वाजता मृताच्या घरी सर्वांना बोलावण्यात आले. शकुंतलाबाई आल्या. शैलेंद्र आला. त्याची पत्नी मंजूषा आली. तिचा डावा हात प्लास्टरमध्ये होता.

"हात कसा मोडला, ताई?"

मंजूषेने आधी नवऱ्याकडे पाहिले. "बाथरूममध्ये घसरले."

मुजुमदार शैलेंद्राकडे वळले. "काल तुम्ही येथे किती वाजता आलात?"

"साडेपाचला. घंटी वाजवली, कोणी उघडेना. तेवढ्यात शकुंतलामावशी जिन्यात आल्या."

"सदरा कशाने भिजला?"

"चार इमली भागातल्या बंगल्यावर माझी ड्यूटी असते. तिथून निघालो आणि जो काही पाऊस लागला साहेब, गारासुद्धा. बोराएवढ्या."

"हे त्याने तुम्हांला केव्हा सांगितले, शकुंतलाबाई?"

"जिन्यातच की. मी म्हटलं, इथं थेंब नाही आणि तू नदीतून आल्यासारखा? पण आपल्या भोपाळचं असंच. एका चौकात छत्री, दुसऱ्यात चटका."

"दार उघडण्यापूर्वी?"

"हो. त्यानंतर तर मी किल्ली आणायला गेले."

मुजुमदारांनी हवालदार रमेशला दारात उभे केले.

"काल चार इमलीत पाण्याचा टिपूसही पडला नाही. तीन बंगल्यांच्या पहारेकऱ्यांना मी स्वतः विचारले. गारा पडल्या त्या नागपुरात. शमिकाताईंनी तसे सांगितले. या शहरात गारांची वार्ता एकाच ठिकाणी होती. बंद दाराच्या आत, प्रेताशेजारच्या या फोनवर."

मुजुमदारांनी फोन शैलेंद्रासमोर धरला.

"नितीन सव्वाचारला गेला. तुम्ही त्यानंतर आलात, बत्ता उचललात. रक्ताने माखलेला सदरा न्हाणीत धुऊन तोच अंगात घातलात. त्या वेळी फोन वाजला. तुम्ही वाचले आणि समजलात की भोपाळात कोठेतरी गारा पडत आहेत. दार ओढून निघालात तर जिन्यात शकुंतलाबाई. ओल्या सदऱ्याला कारण हवे होते. फोनने ते आयते दिले. घंटी तुम्ही वाजवलीच नाही. तुमचा सदरा आणि न्हाणीची मोरी, दोन्ही तपासणीला गेली आहेत."

"मी काकांना का मारीन?"

उत्तर मंजूषेने दिले. "कारण आज सकाळी ते मला ठाण्यावर नेणार होते. हा हात यानं मोडला, ते काकांनी पाहिलं होतं. साक्ष देणार होते."

शैलेंद्राने झेप घेतली आणि तिचा गळा आवळला. तिचे डोळे पांढरे झाले. रमेशची लाठी दोनदा त्याच्या मनगटावर बसली तेव्हा कोठे पकड सुटली.

"म्हातारा म्हणाला, उद्या तुला बेड्या ठोकायला लावतो," फरशीवर पडून तो धापा टाकत होता. "पाठ फिरवून म्हणाला."

तीन वाजण्यापूर्वी मुजुमदार रुग्णालयात पोहोचले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने नितीनची बेडी काढली.

"तू सुटलास."

नितीनने बँडेजात गुंडाळलेला हात छातीशी घेतला. "मला ज्यांनी मारलं, त्यांची नावं लिहून घ्याल? सगळे ओळखीचे आहेत. गिऱ्हाइकंच माझी."

मुजुमदारांनी स्टूल ओढले, कागद मांडीवर घेतला आणि लेखणीचे टोपण काढले.

"सांग."