थकवा जातो कुठे?

"परवानगी मिळाली. डबा मिळणार नाही," भांडारेअण्णा म्हणाले.

वेदश्रीने पुढे केलेला हात तसाच राहिला. वेदश्री खाडे म्हणजे ढवळेवाडीच्या मुलींच्या खो-खो संघाची कर्णधार, इयत्ता सातवी. रविवारी सांगलीला जिल्ह्याचा अंतिम सामना होता आणि त्याआधीच्या सरावाला 'झपाटा' या तरतरी आणणाऱ्या पेयाचा एक डबा हवाच, असं तिचं पक्कं मत होतं. सगळ्या पोरींचंच होतं.

"अहो अण्णा, बाबा आत्ता फोनवर हो म्हणाले ना? तुम्हीच ऐकलंत की!"

"ऐकलं. आवाज आपल्या वडिलांचाच होता. त्याबद्दल शंका नाही."

भांडारेअण्णा हा यंत्रमानव होता. गावच्या सहकारी ग्राहक भांडाराचं दुकान तो एकहाती सांभाळायचा. कंपनीने त्याला आकडे आणि अक्षरं मिसळून कसलंसं लांबलचक नाव दिलं होतं, पण ढवळेवाडीत असली नावं टिकत नाहीत. भांडारात कामाला, म्हणून आडनाव भांडारे. पोरासोरांनाही 'आपण' म्हणतो, म्हणून अण्णा. गावाने त्याचं असं बारसंच करून टाकलं.

"मग देत का नाही?" वेदश्री आता चिडली होती.

"आधी एक कोडं. 'झपाटा प्या, थकवा पळवा' असं डब्यावर लिहिलं आहे. हा पळालेला थकवा जातो कुठे?"

"जातो म्हणजे संपतो."

"डब्यात थकवा संपवणारं काहीही नाही. मी तपासलं आहे. भरपूर साखर आहे, कॅफीन (चहा-कॉफीतही असणारं, झोप उडवणारं रसायन) आहे, रंग आहे आणि बाहेरून वाघाचं चित्र आहे."

वाघाला काही वेदश्री भुलली नव्हती, पण कोड्याने तिला पकडलं. ती तांदळाच्या पोत्यावर टेकली. गिऱ्हाईक दुसरं कुणी नव्हतं.

"खो-खोत मधल्या पाटीवर चौकोन असतात आणि त्यांत खेळाडू बसतात, बरोबर?" अण्णांनी विचारलं. "मेंदूतही तशा जागा आहेत. त्यांना ग्राही (पेशीवरची, ठरावीक पदार्थालाच बसू देणारी जागा) म्हणतात. आपण जाग्या असता, पळता, गणितं सोडवता, तेव्हा मेंदूत ॲडेनोसिन नावाचा पदार्थ हळूहळू साठत जातो. तो या जागांवर येऊन बसला, की मेंदूला निरोप पोचतो: दमलीस, आता थांब. या निरोपालाच आपण थकवा म्हणतो, झोप म्हणतो."

"आणि कॅफीन काय करतं?"

"त्याची ठेवण ॲडेनोसिनशी इतकी जुळते, की ते त्याच जागेवर जाऊन बसतं. निरोप मात्र काहीच देत नाही. नुसतं जागा अडवतं."

"म्हणजे एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसं?"

भांडारेअण्णांना रुमालाची भानगड ठाऊक नव्हती. वेदश्रीने ती समजावून सांगितली. अण्णा क्षणभर थांबले. नवी गोष्ट साठवून घेताना ते असेच थांबायचे.

"अगदी तसंच," ते म्हणाले. "रुमाल टाकला म्हणून गाडीतली गर्दी कमी होते का?"

"छे! सगळी तिथंच उभी असते." बोलता बोलता वेदश्रीचे डोळे मोठे झाले. "म्हणजे थकवा गेलेलाच नसतो! तो दारात उभा असतो!"

गेल्या सोमवारचा सराव तिला आठवला. आधी वाऱ्यासारखी पळालेली ती. मग छातीत नुसती धडधड. अंथरुणात पडल्यावर झोपेचा पत्ता नाही, आणि मंगळवारी खो देताना हात इतका उशिरा उठला, की मिनाझ तिच्यावर खेकसली होती. मिनाझ मुलाणी ही तिची जिवलग मैत्रीण. ती सहसा खेकसत नाही.

"पण सोमवारी तर तुम्हीच डबा दिलात," वेदश्री म्हणाली.

"एक नाही, तीन दिले. ती माझी चूक. नियम होता, घरच्या मोठ्यांची परवानगी हवी. सकाळी आपल्या वडिलांनी दिली, दुपारी आत्यांनी, संध्याकाळी मिनाझच्या दादींनी. कुणीही खोटं बोललं नाही. प्रत्येकाने एकच डबा दिला."

आता ढवळेवाडीत घरचं कोण, असं विचारणंच मुळात चुकीचं. इथे कुणाचंही पोर कुणाच्याही ताटात जेवतं आणि कुणाच्याही हातचा धपाटा खातं. 'दे की पोरीला, माझं नाव सांग,' हे तर गावाचं ब्रीदच. माया करायला कुणी मागे नाही, पण एकूण किती झालं हे बघायला कुणीच पुढे नाही.

"बरं, मग फक्त आई-बाबांचीच परवानगी धरा," वेदश्रीने तोडगा काढला.

"एक चमचा मीठ पातेलंभर आमटीत टाकलं तर काय होईल? आणि तोच चमचा वाटीभर आमटीत टाकला तर?"

वेदश्रीने तोंड वाकडं केलं.

"आपले वडील पातेलं आहेत. आपण वाटी. परवानगी वडिलांची असली, तरी डबा वडिलांच्या पोटात जात नाही. धोका दिसला तर भांडाराच्या सभासदांच्या सभेपर्यंत एखादी वस्तू थांबवायचा अधिकार मला आहे. सोळा वर्षांखालच्या कुणालाही मी हा डबा विकणार नाही. कुणाचीही परवानगी असो."

हे कानावर येताच वेदश्रीचे बाबा, सूरज खाडे, तडक दुकानात आले. बाबा मनाने चांगले, पण डोकं तापलं की कुणाचं ऐकत नाहीत.

"माझ्या पोरीनं काय प्यावं हे आता डबड्यानं ठरवायचं व्हय? बाप मी हाय का तू?"

"आपणच आहात," भांडारेअण्णा नम्रपणे म्हणाले. त्यामुळे बाबा आणखी भडकले.

शुक्रवारच्या सभेत बाबांनी ठराव मांडायचं ठरवलं. यंत्रमानव कंपनीला परत पाठवायचा आणि त्याच्या जागी अंगठा लावला की वस्तू टाकणारं साधं कपाट बसवायचं. ते काही विचारत नाही, काही सांगत नाही. गावात बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

हे ऐकून वेदश्री धावतच दुकानात गेली. पाढे चुकले की न हसता पुन्हा म्हणून घेणारे अण्णा, गुडघा फुटला तर औषध लावून वर गूळशेंगदाणे देणारे अण्णा ट्रकमध्ये घालून परत पाठवणार? तेही तिच्यामुळे?

"तुम्ही सभेत सगळं समजावून सांगा ना!" ती म्हणाली.

"सभेत फक्त सभासदांना बोलता येतं. मी सभासद नाही. आपणही नाही."

वेदश्री खूप विचार करत बसली. मग एकदम उठली आणि मिनाझच्या घराकडे पळत सुटली. सभेत बोलता येत नसेल, पण सभेच्या आधी काय? सभेच्या खुर्च्या लावायचं काम तर दर वेळी शाळेतली मुलंच करायची.

शुक्रवारी समाजमंदिरात खुर्च्या ओळीने मांडल्या गेल्या. सभासद येऊ लागले तसं एकेक मूल एकेका मोठ्या माणसाला गाठू लागलं.

"काका, दमलोय. या खुर्चीवर जरा बसू का?"

"बस की बाळा, त्यात काय विचारायचं!"

"दादी, मी बसू?"

"बैठ गं, बैठ."

बाबांनाही चिमुकल्या ओमने विचारलं आणि बाबांनी त्याला उचलून स्वतःच खुर्चीत बसवलं. सभेच्या अध्यक्ष सुनंदाकाकू मोहिते आल्या, तर व्यासपीठावरच्या त्यांच्या खुर्चीत मिनाझ. तिनेही रीतसर विचारलं आणि काकूंनीही कौतुकाने हो म्हटलं.

थोड्या वेळाने हॉलमध्ये एकही खुर्ची रिकामी नव्हती. सगळं गाव उभं होतं. कुणी भिंतीला टेकलं, कुणी दारात खोळंबलं, मागून लोक येतच होते.

"आरं पोरांनो, उठा आता!" बाबा ओरडले. "सभा सुरू करायचीय."

कुणी हललं नाही. वेदश्री पुढे आली. आवाज खो-खोच्या मैदानावरचाच निघाला.

"बाबा, ओमला बसायची परवानगी कुणी दिली?"

"मीच दिली. पण मी एकालाच हो म्हणालो!"

"इथं सगळे तेच म्हणतील. प्रत्येकानं एकालाच दिली." तिने हात पसरून हॉल दाखवला. "हा हॉल म्हणजे माझा मेंदू. खुर्च्या म्हणजे थकव्याचा निरोप पोचायच्या जागा. तुम्ही सगळे म्हणजे माझा थकवा, आणि ही पोरं म्हणजे झपाट्यातलं कॅफीन. तुम्हाला बसताच येत नाही, म्हणून मला वाटतं मी दमलेच नाही. पण तुम्ही गेलात का कुठं?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. जाणार कुठे? उभं राहून सगळ्यांच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या.

"सभा सुरू झालीय का? नियमात बसतं का हे?" मागून शंकरआप्पा कुरकुरले. गावात काहीही नवं निघालं की आप्पांची कुरकुर आधी.

"मला बसायला मिळाल्याशिवाय सभा सुरू होत नाही, आप्पा," सुनंदाकाकू म्हणाल्या. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. "बोल गं पोरी."

"आता समजा पाच तास झाले," वेदश्री म्हणाली. तिने टाळी वाजवली आणि निम्मी मुलं उठून कडेला गेली. तेवढ्या खुर्च्यांवर माणसं घाईने बसली. "याला अण्णा अर्धायुष्य (शरीरातला पदार्थ निम्मा व्हायला लागणारा वेळ) म्हणतात. संध्याकाळी पाचला प्यायलेला डबा रात्री दहालासुद्धा निम्मा आत असतो. मग झोप कशी येणार? आणि हे शेवटी संपतं तेव्हा..."

तिने मोठा श्वास घेतला आणि मैदानावर देते तशी आरोळी दिली. "खो!"

उरलेली सगळी मुलं ताडकन उठली. आणि मग काय झालं म्हणून सांगू! उभं राहून अवघडलेली माणसं एकदमच खुर्च्यांवर कोसळली. एकेका खुर्चीवर दोघं-दोघं. शंकरआप्पा तर चक्क बाबांच्या मांडीवर. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली.

"हा मंगळवारचा थकवा," मिनाझ म्हणाली. "एकदम येतो आणि खो द्यायला हात उचलत नाही."

"मग चहासुद्धा बंद करायचा काय?" आप्पांनी मांडीवरूनच विचारलं.

"चहातही कॅफीन असतं, आप्पा. पण कपभर चहात थोडं. झपाट्याच्या मोठ्या डब्यात चार-पाच कपांचं, तेही एका दमात. आणि पोरांचं शरीर म्हणजे पातेलं नव्हे, वाटी," वेदश्री म्हणाली.

हसणं ओसरल्यावर बाबा उठले. राग अजून उतरला नव्हता.

"समजलं. पण पोरगी माझी हाय. हो-न्हाई मीच म्हणणार. दुकानानं का मधी पडावं?"

वेदश्री बाबांजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "बाबा, ओमला तुम्ही परवानगी दिली होती. म्हणून त्यानं खुर्ची अडवली नाही का?"

सुनंदाकाकूंनी मग आपल्या जागेवर बसून सभा सुरू झाल्याचं जाहीर केलं आणि पहिला प्रश्न बाबांनाच विचारला. "सूरज, मनापासून सांग. तू डबा का दिलास?"

"ती मिनाझ पिते म्हणून. माझी पोरगी मागं पडायला नको."

"या अल्ला!" मिनाझच्या दादी पहिल्या ओळीतून उद्गारल्या. "आणि आम्ही वेदश्री पिते म्हणून दिला!"

काकूंनी विचारलं, "ज्यांना मनातून द्यायचा नव्हता, पण बाकीचे देतात म्हणून दिला, त्यांनी हात वर करा." आधी दोन हात वर गेले. मग चार. मग जवळजवळ सगळेच. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघून हो म्हणत आला होता. एकट्याने नाही म्हटलं असतं, तर त्याचंच पोर रडलं असतं. सगळ्यांसाठी एकदम नाही म्हणायचं, तर ते दुकानच म्हणू शकत होतं.

मग बाबा हसले, आणि वेदश्रीला कितीतरी दिवसांनी ते हसणं फार आवडलं. "माझा ठराव मी मागं घेतो," ते म्हणाले. "पोरीनं हट्ट केला की आता मला सांगता येईल, दुकानच देत न्हाई. बापावरचं ओझं उतरलं म्हणायचं!"

नवा ठराव झाला. सोळा वर्षांखालच्यांना झपाटा नाही, परवानगी कुणाचीही असो. वर्षाने पुन्हा विचार करायचा, अनुभव काय आला ते बघून. विरोधात हात एकच, शंकरआप्पांचा. "आज डबा बंद, उद्या माझा चिवडा बंद कराल," असं त्यांचं म्हणणं होतं. काकूंनी तेही नोंदवून घ्यायला सांगितलं. भांडारेअण्णा कुठेही जाणार नव्हते.

दारात उभ्या असलेल्या अण्णांना वेदश्रीने जाऊन मिठीच मारली. अण्णा नेहमीसारखे क्षणभर थांबले.

रविवारी ढवळेवाडीच्या मुली सांगलीच्या मैदानावर उतरल्या त्या रात्रभर गाढ झोपून. शेवटच्या डावात समोरच्या संघाची सर्वांत चपळ मुलगी खुंटाला वळसा घालून निसटत होती. मिनाझने खो दिला, वेदश्री उसळली आणि पूर्ण अंग झोकून तिने त्या मुलीच्या टाचेला बोटं लावली. शिट्टी वाजली. ढवळेवाडी जिंकली! बाबा मैदानाबाहेर उड्या मारत होते आणि शंकरआप्पा त्यांना मिठी मारून ओरडत होते. पोरींना ओरडताच येत नव्हतं, कारण त्या आधी रडत होत्या.

सभेची गोष्ट ऐकलेल्या शेजारच्या तीन गावांच्या संघांनी तिथेच विचारलं, तो खुर्च्यांचा खेळ आमच्या सभेत येऊन करून दाखवाल का? वेदश्रीने आनंदाने होकार दिला. पुढच्या खेळात साखरेचं काम कोण करणार, यावर मिनाझने लगेच वाद सुरू केला.

परतीच्या गाडीत ढाल वेदश्रीच्या मांडीवर होती. बाहेर उसाची शेतं मागे पळत होती. तिचे पाय ठणकत होते, खांदे जड झाले होते, पापण्या मिटत होत्या. थकवा आला होता, खराखुरा, कमावलेला. तिने बाबांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"बस की," ती त्या थकव्याला मनातल्या मनात म्हणाली, आणि झोपून गेली.