अचलच्या दुसऱ्या भागातला खलनायक

शाल्मली गेल्याचा फोन आला तेव्हा हर्षद टिपणीस कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत रोषशोधक यंत्राचा पट्टा दुरुस्त करत होता. बायको मिरजेला मैत्रिणीकडे लिहायला गेली आहे, अशी त्याची समजूत होती. ती इस्पितळात होती. आजार तिला वर्षभर ठाऊक होता. नवऱ्याला सांगायचं नाही, असं तिने डॉक्टरांना बजावलं होतं.

"यात कोणाचीच चूक नाही," डॉक्टर म्हणाले. हर्षदने मान हलवली.

महिन्याने तो कामावर आला. एका जागी त्याला बसवत नव्हतं. चहा अर्धा ठेवून उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा.

काम शाल्मलीच्याच चित्रपटाचं होतं. तिने लिहिलेला नायक अचल कितीही वजन पेलतो. पहिल्या भागात त्याने धरण फोडणाऱ्या उद्योगपतीला लोळवलं आणि चित्रपट तुफान चालला. दुसऱ्या भागात तिने खलनायकच ठेवला नव्हता. डोंगर खचतो. गाव रिकामं होईपर्यंत अचल तो पाठीवर घेऊन उभा राहतो, मग हळूच खाली ठेवतो. एवढंच.

निर्माते घोरपडे वैतागले होते. "हर्षदराव, दोन तास माणूस नुसता उभा! मारायचं कोणाला? डोंगराला?"

"आबा, तिने तसंच लिहिलंय."

"वहिनींच्या लेखणीबद्दल शंका नाही. पण प्रेक्षक खुर्चीत चुळबुळतो, त्याचं काय?"

"चुळबुळणारच," मेंदूतज्ज्ञ डॉ. रेहाना मुजावर म्हणाल्या. "अस्वस्थ मेंदू कारण शोधतो. कारण म्हणून एखादा माणूस सापडला की त्याला हायसं वाटतं. रोषशोधक तो माणूस प्रेक्षकाच्या मेंदूतून उचलतो आणि त्याच्या पडद्यावर खलनायक म्हणून उभा करतो. प्रेक्षकाला वाटलं मारावं, की अचल मारतो. राग ओसरला, तर खलनायक आपोआप पुसला जातो. प्रत्येकाचा चित्रपट वेगळा."

"माझ्यात मेव्हणा आला," घोरपडे खुशीत म्हणाले. "काय धुतला राव त्याला! आठवडाभर हलकं वाटत होतं."

"आणि ज्याचा कोणावरच राग नाही?" हर्षदने विचारलं.

"त्याला शाल्मलीताईंनी लिहिलं तसंच दिसेल. असा प्रेक्षक अजून मिळाला नाही."

"मी आहे ना."

घोरपड्यांनी त्याच्याकडे खुर्ची सरकवली. "बसा तुम्ही. तुमच्या पडद्यावर कोणी आलं नाही, तर वहिनींची कथा आहे तशी ठेवतो. शब्द आपला. आलं, तर मात्र ज्याला त्याला त्याचा खलनायक."

हर्षदने पट्टा बांधला. चित्र फक्त त्याला दिसत होतं, बाहेरच्या दोघांना नुसता रागाचा काटा. डोंगर सरकला. अचलने पाठ लावली. लोक शेरडं, गाद्या, टीव्ही घेऊन निघाले. हर्षदचा पाय हलायला लागला. कोणाचीच चूक नाही, तो मनात म्हणत राहिला.

उतारावरून कोणीतरी येत होतं. चष्मा केसांवर सरकवलेला. खलनायकासारखी ती हसली नाही, बोलली तर नाहीच. अचलच्या पायाशी बसून त्याच्या टाचेखालचे दगड ती एकेक करून काढायला लागली.

शाल्मली.

अचलने एका हाताने डोंगर तोलला, दुसरा वर उचलला आणि तो थांबला. यंत्र हर्षदची वाट पाहत होतं.

"काटा चढला की हो," घोरपडे म्हणाले. "कोण आलंय?"

हर्षदची नजर पडद्यावरून हलली नाही.

डॉ. मुजावर जवळ आल्या. आवाज उतरवून म्हणाल्या, "जो कोणी असेल, हर्षद, त्याला माफ करा. राग गेला की तो माणूसही जाईल. ताईंची कथा आहे तशी राहील."

"जाईल म्हणजे पूर्ण पुसला जाईल?"

"हो. पूर्ण."

पडद्यावर तिने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पुढचा दगड हातात घेतला. हर्षदने दोन्ही हातांनी पट्टा घट्ट दाबून धरला. काटा वरच राहिला.

त्यानंतर तो रोज येऊन त्याच प्रसंगापाशी थांबून बसतो. घोरपड्यांनी अजून तगादा लावलेला नाही. गाव अर्धंच रिकामं झालं आहे, आणि डोंगर खाली ठेवायचा राहिला आहे.