गुडघ्यांचा दवाखाना, पहिला मजला

गुडघ्यांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर कुणाला सुचला असेल, असा विचार करत मी कडेगावच्या त्या जिन्याखाली उभी होते. सतरा पायऱ्या. बावीस वर्षं एस.टी.त उभ्यानं तिकिटं फाडलेली मी, दीपमाला, सत्तावन्नाव्या वर्षी सतरा पायऱ्यांना घाबरले होते.

शेजारी एक उंच गृहस्थ येऊन थांबले. पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात काठी. तेही जिन्याकडेच बघत होते.

"लेडीज फस्ट," ते म्हणाले.

"पुढं सरका, पुढं सरका म्हणण्यात माझी नोकरी संपली. तवा तुमीच सरका."

ते हसले. हसू मिशीतून निघालं आणि डोळ्यांत जाऊन थांबलं... आणि नेमकं तेच माझ्या लक्षात राहिलं.

वर क्रांती होती, फिजिओथेरपीची डॉक्टर. पोरगी तिशीचीसुद्धा नसेल. तिनं आधी आम्हाला जिना चढायला शिकवलं – चढताना चांगला पाय पुढे, उतरताना दुखरा. मग त्या मिशीवाल्या गृहस्थांच्या, म्हणजे सुभेदार सयाजीरावांच्या, उजव्या हातातली काठी काढून डाव्या हातात दिली. दुखतो उजवा गुडघा, तर काठी डाव्या बाजूला हवी.

"अठ्ठावीस वर्षं फौजेत रायफल धरली," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आन् काठी धरायला आज शिकलो."

त्यांना शुगर होती, म्हणून स्टिरॉइडची सुई नको असं त्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मी मात्र गेल्या साली एक घेतली होती. दोन-तीन महिने सुखाचे गेले आणि दुखणं पुन्हा घरी आलं.

"आनखी एक घेऊ का?" मी क्रांतीला विचारलं. "धा आठवड्यांनी वडूजला माझ्या भाचीचं लगीन हाय. सोनियाची आई गेल्यापासनं मीच वाढवलीया तिला. अक्षता पडताना मला खुर्चीत बसायचं न्हाई."

"घ्यायची की नाही ते तुम्ही आणि तुमचे डॉक्टर ठरवा, मावशी," क्रांती म्हणाली. "पण दहा आठवडे हातात आहेत. झिजलेली गादी मी परत आणू शकत नाही. मांडी मात्र बळकट करता येते, मग गुडघ्यावरचा भार ती उचलते. थोडं वजन उतरवा. खाली मांडी घालून बसणं बंद. आणि व्यायाम रोज."

रोज. तिथंच माझं घोडं अडायचं. नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी गेला, मूलबाळ नाही, सोनियाही नोकरीसाठी बाहेरगावी. एकटीच्या घरात पलंगावर आडवं होऊन, पाय सरळ वर धरून, दहा आकडे मोजायचे कुणासाठी?

हे मी जिना उतरताना बोलून गेले. तीन पायऱ्या खाली पोचलेले सुभेदार थांबले.

"मी मोजतो की. फोनवर. सकाळी साडेसहाला."

दुसऱ्या दिवशी बरोबर साडेसहाला फोन वाजला. मागून उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज, कुठंतरी कोंबडा, आणि त्यांचा भारदस्त आवाज – एक... दो... तीन...

"तुमचं धा लय लांब हाय," चौथ्या दिवशी मी म्हणाले. "माझ्या घड्याळात पंधरा झालं."

"एस.टी.वाल्यांच्या घड्याळावर कोण इस्वास ठेवतंय?"

"खरं सांगा, मुद्दाम करताय न्हवं?"

ट्रॅक्टरचा आवाज लांब गेला, ते बाजूला सरकले असावेत.

"लवकर मोजलं," ते म्हणाले, "तर फोन लवकर ठेवावा लागतो, कंडक्टरबाई."

पाय हवेत तसाच राहिला... किती वेळ, कुणास ठाऊक.

मग दवाखान्याच्या दिवशी, मंगळवारी आणि शुक्रवारी, मी जरा ठेवणीतली साडी नेसू लागले. व्यायाम झाला की खाली टपरीवर दोघांचा बिनसाखरेचा चहा. त्यांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. ती भांडखोर होती आणि तिच्या भांडणाशिवाय घर सुनं वाटतं, असं ते सांगायचे. मला ते आवडायचं. गेलेल्या माणसाबद्दल खोटं गोड बोलत नव्हते. अशाच एका चहावर मी त्यांना सोनियाच्या लग्नाला चला म्हणाले.

सहाव्या आठवड्यात फोन बंद झाला. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी ते आले नाहीत. क्रांती म्हणाली, "त्यांच्या बहिणीचा फोन होता, शालूबाईंचा. शुगर खूप चढली म्हणून दोन दिवस दवाखान्यात होते. आता घरी आहेत."

मी तशीच त्यांच्या गावची बस धरली. फाट्यावर उतरून उसामधल्या रस्त्यानं चालत निघाले. त्यांच्या दारात पोचल्यावर ध्यानात आलं, की अर्धा मैल चालले आणि गुडघा एकदाही आठवला नाही.

सुभेदार पलंगावर उशीला टेकून बसले होते. दाढी वाढलेली. मला बघून त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढली.

"त्यानं गुडघ्यात ती सुई घेतली," शालूबाई म्हणाल्या. "दुसऱ्याच डाक्टरकडं जाऊन, शुगर हाय त्ये लपवून. तुमीच इचारा का त्ये." आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मी खुर्ची ओढून बसले. राग आला होता.

"का?"

"तुमी म्हणाला हुता, लग्नाला चला म्हणून." ते खिडकीकडे बघत होते. "तुमच्या माणसांत... काठी टेकत तुमच्या शेजारी कसं उभं ऱ्हायाचं? वाटलं, एक दिस तरी ताठ..."

"आन् तुमाला कायतरी झालं असतं तर?"

त्यांनी चादरीची कड चिमटीत धरली.

"तीन दिस मी पाय उचलला न्हाई," मी म्हणाले. "साडेसहाला फोन घिऊन नुसती बसायची. तुमची काठी मला कवाच दिसली न्हाई सुभेदार. आवाज नसला की मात्र... घर खायाला उठतं."

त्यांनी चादर खाली केली. मग हळूच माझा हात धरला. तिकिटाच्या शाईनं वर्षानुवर्षं काळी झालेली बोटं ती, कुणी अशी धरली नव्हती.

"काठीसकट चालंल?"

"काठीसकटच या."

माघात सोनियाचं लग्न झालं. माझा गुडघा काही नवा झाला नव्हता. संध्याकाळी शेकावं लागणार हे मला माहीत होतं. पण सगळ्या मंगलाष्टका मी उभ्यानं ऐकल्या, सुई न घेता. शेवटच्या अक्षता टाकल्या तेव्हा सुभेदार माझ्या शेजारी होते, डाव्या हातात काठी धरून.

माझा धाकटा भाऊ आकाराम मानाचे फेटे घेऊन पाहुण्यांतून फिरत होता. आमच्यापाशी येऊन तो थबकला.

"आक्का, हे कोण?"

ओळखीचे आहेत, म्हणता आलं असतं. दवाखान्यातले आहेत, म्हणता आलं असतं. सुभेदारांनी काठी जरा मागे घेतलेली मला दिसली.

"दाजी म्हण त्यास्नी," मी म्हणाले.

आकारामनं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. त्याचे डोळे भरून आले. चौतीस वर्षं मला एकटीला बघितलं होतं त्यानं. ताटातला भगवा फेटा उचलून तो पुढे आला, टाचा वर करून बघितलं, पण हात पुरेना.

"आवं दाजी, जरा वाका की. लय उंच हाय तुमी."

"कमरेतनं वाकतो," सुभेदार म्हणाले, "गुडघ्यावर तेवढं बसवू नका."