जे बदलत नाही ते वजा

कलदर्शकाच्या पडद्यावर वैतरणपूरचे नऊ लाख मतदार नऊ लाख ठिपक्यांनी दिसत होते. अर्धे उदय पक्षाकडे झुकलेले, अर्धे संगम पक्षाकडे. हे यंत्र डॉ. अनघा वाळिंबेने स्वतः उभं केलं होतं. दोन्ही पक्ष त्याच्यावरच चालत, आणि गेली चार वर्षं त्या दोन्ही पक्षांचं वाटोळं कसं करावं, याखेरीज दुसरा विचार तिच्या डोक्यात नव्हता.

तिचा धाकटा भाऊ मोरेश्वर महापालिकेच्या जलशुद्धी केंद्रात रसायनतज्ज्ञ होता. कुंभारआळीत दूषित पाण्याने अकरा माणसं गेली. सत्तेतला उदय पक्ष म्हणाला, आम्हाला कुणी कळवलंच नाही. पुढच्या वर्षी संगम पक्ष आला. त्यानेही दप्तर पाहून सांगितलं की, रसायनतज्ज्ञाचं एकही पत्र आलेलं नाही. मोरू कोर्टात सांगत राहिला, मी दर सोमवारी लिहीत होतो. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन पक्षांचं त्याला तुरुंगात घालताना मात्र छान एकमत झालं. तो तिथेच मेला. नालायकांनी पत्रं जाळली, याबद्दल अनघाला तिळमात्र शंका नव्हती.

"मॅडम, हे त्र्यंबकराव हिंगे बरोब्बर शून्यावर कसे?" प्रयोगशाळेत नव्याने आलेले संख्याशास्त्रज्ञ इरफान मुजावर यांनी विचारलं. "आमच्या घरातच त्यांची दोन मतं आहेत."

हिंगे म्हणजे मंडईजवळचे घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ. कट्टर जुन्या वळणाचे. बावीस वर्षं महापौरपदाला अपक्ष उभे राहत आणि दरवेळी त्याच सात गोष्टी सांगत. मंडई पाडू नका, तळं बुजवू नका, शाळा प्रार्थनेने सुरू करा, असल्या. शब्दाला शब्द तोच.

"तेच तर कारण आहे," अनघा म्हणाली. "यंत्राकडे रोज चार कोटी नोंदी येतात. चौकातल्या गप्पा, भाषणं, महापालिकेकडच्या तक्रारी, सगळं. म्हणून मी पहिल्याच पायरीला चाळणी लावली. एकदा येतं तो अपवाद, सतत तसंच येतं ती सवय. दोन्ही वजा. वाढतं किंवा घटतं, तेवढंच नेत्यांपुढे जातं. डोक्यावरचा पंखा तुम्हाला ऐकू येतो का?"

"बंद पडला की येतो."

"हिंगे म्हणजे तो पंखा. त्यांचे लोकही तसेच, कालचंच आज बोलणारे. यंत्र त्यांना अनिश्चित समजतं आणि दोन पक्षांत वाटून टाकतं."

"मग वजा झालेल्यांत त्यांचे किती निघतील?"

यंत्र सुरू झाल्यापासूनच्या नऊ वर्षांत हा प्रश्न तिला पडला नव्हता. तिने वजा केलेल्या नोंदींचा साठा उघडला, त्यात एकच नाव शोधलं आणि आकडा पाहून खुर्ची पुढे ओढली. एकतीस टक्के लोकांना हिंगे हवे होते. पण प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच. मत फुकट जायला नको म्हणून ते दोघांपैकी एकाला देऊन येत.

त्याच आठवड्यात त्यातल्या प्रत्येकाच्या फोनवर एक निनावी ओळ गेली. 'तुमच्या गल्लीत हिंगे हवे असणारी सतरा घरं आहेत.' गल्लीगणिक आकडा वेगळा, आणि प्रत्येक आकडा खरा.

"हा गुन्हा आहे, मॅडम," मुजावर म्हणाले. "लोकांच्या मनात डोकावून मिळवलेले आकडे आहेत हे."

"डोकावतो तर रोजच. आज पहिल्यांदा त्यांच्या कामाचं काही सांगितलं."

"आणि उद्या हिंगेही विकले गेले तर?"

"बावीस वर्षांत ज्याने एक शब्द बदलला नाही, तो विकला जाणार नाही. त्यांची सातवी गोष्ट ऐकलीत ना? ज्याच्या चुकीने माणसं मेली त्याच्यावर खटला, मग तो कुणीही असो. मला तेवढी एकच हवी आहे."

मतमोजणीच्या दुपारपर्यंत दोन्ही पक्षांनी हार आणून ठेवले होते. चारला हिंगे निवडून आले, अडतीस टक्क्यांनी. दोन्ही पुढाऱ्यांचे पडलेले चेहरे अनघाने पडद्यावर पुन्हा पुन्हा लावून पाहिले. मोरू गेल्यापासून तिला पहिल्यांदाच जेवण गोड लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती अर्ज घेऊन महापौरांकडे गेली. हिंग्यांची तिसरी गोष्ट अशी होती की, महापौराने प्रत्येक तक्रार स्वतः वाचावी, यंत्राने चाळलेली नव्हे. त्याप्रमाणे त्यांनी वजा केलेल्या साऱ्या तक्रारी छापून मागवल्या होत्या. खोलीत कागदांच्या थप्प्या लागल्या होत्या. मुजावर खिडकीशी उभे होते. त्यांनी अनघाकडे पाहिलं नाही.

"बसा, बाई," हिंगे म्हणाले आणि एक गठ्ठा पुढे सरकवला.

एकशे त्रेचाळीस पत्रं. सगळी सोमवारची. 'कुंभारआळीच्या नळाला क्लोरिन पोचत नाही. वाहिनी फुटली आहे. कृपया पाहावे. मोरेश्वर वाळिंबे.' सरकारी कामात मजकूर बदलू नये, म्हणजे जुना संदर्भ लागतो, ही मोरूची शिस्त होती. त्याने एकही शब्द बदलला नव्हता.

अनघाने पहिलं पत्र वाचलं, मग शेवटचं. मधली वाचायची गरज नव्हती.

"म्हणजे ते खोटं बोलत नव्हते," ती म्हणाली.

"एवढ्या बाबतीत नव्हते. यंत्रावर विसंबून कुंभारआळीत पाऊल टाकलं नाही, ते मी पाहीनच. पण पत्रं त्यांच्यापर्यंत पोचली नाहीत." हिंग्यांचा आवाज बसला होता. "चाळणी कुणाची, ते मुजावरांना विचारलं. त्यांनी आधी सांगितलं नाही. मग सांगितलं."

तिने आणलेला अर्ज टेबलावर होता. अकरा मृत्यूंना जबाबदार असणाऱ्यांवर खटला भरावा. आरोपींच्या रकान्यात तिने दोन्ही पुढाऱ्यांची नावं ठसठशीत अक्षरात लिहिली होती.

"एक दिवस थांबाल?" तिने विचारलं.

"बाई, एखादा शब्द बदला, निवडून याल, असं बावीस वर्षं लोक मला सांगत होते." त्यांनी चष्मा काढून पुसला. डोळे ओले होते. पण पेनाचं टोपण उघडंच होतं.

असाच माणूस तिने निवडून आणला होता. तिने पेन घेतलं आणि त्या दोन नावांच्या वर आपलं नाव लिहिलं. मग मृतांच्या रकान्यातला अकराचा आकडा खोडून तिथे बारा लिहिले.