कांड्या भरणारी बाई

गुरम्माचा एकही फोटो माझ्याकडे नाही. चूक माझीच. जत्रेत फोटोवाल्यानं तिला बाकावर बसवलं, तेव्हा मी दंडाला धरून उठवली. परक्या माणसानं माझ्या बायकोकडे टक लावून बघावं, हे मला खपत नसे. ती वारून दोन वर्षं झाली तरी भिंतीवर लावायला काही नव्हतं.

अठ्ठ्याहत्तर साली एका रविवारी दुपारी शेजारची काशम्मा दारात आली.

"मल्लप्पा, शुक्रवार पेठेतल्या शाळेत हातमागवाल्यांची फिल्म दावायलेत. गुरम्मा हाय म्हणं त्यात. चल की."

चपला घातल्या खऱ्या, पण अंगाचा तिळपापड झाला होता. माझ्या माघारी कुणी काढली तिला?

शाळेच्या खिडक्यांना कोऱ्या चादरी बांधलेल्या. खळीचा वास, अंधार, प्रोजेक्टरची घरघर. पडद्यावर माझंच घर आलं. तिचा रहाट फिरत होता, मागाच्या कांडीवर सूत चढत होतं. रहाटापुढचा पाट मात्र रिकामा.

"बाई गं, किती ग्वाड हसायलीय!" काशम्मानं पदर डोळ्यांना लावला. मागच्या बायकाही तेच म्हणत होत्या.

मी डोळे चोळले. पाट रिकामाच. हॉलभर लोकांना माझी बायको दिसत होती, मला नाही. खरं सांगतो, भीती नंतर वाटली. आधी जळलो.

फिल्म संपल्यावर कॅमेरावाल्याला गाठलं. रावजी नाव त्याचं. पुण्याहून येऊन दोघा मित्रांनी पदरमोड करून फिल्म काढलेली.

"ती कांड्या भरणारी… कधी काढली?"

"ह्याच चैत्रात. घरात एकट्याच होत्या."

चैत्रात मी रोज कामावर जात होतो. दाराला कुलूप, किल्ली माझ्या करदोट्याला.

"काही… बोलली?"

"एकच अट घातली." तो हसला. "म्हणाल्या, समद्यास्नी दावा, आमच्या मालकास्नी तेवडं नको."

मी कोण, ते त्याला सांगितलं नाही. कापून उरलेला फितीचा वीतभर तुकडा तेवढा मागून घेतला.

घरी येऊन तो खिडकीशी धरला. प्रत्येक चौकटीत रिकामा पाट. शेवटी काशम्माच्या हातात दिला. म्हटलं, तू बघ आणि सांग, कशी दिसते.

तिनं तो उजेडात धरला, आणि हळूच खाली ठेवला.

"तितं तर हसायली होती रे…"

"आणि आता?"

"उठून उभी ऱ्हायलीय… तुज्याकडंच बघायलीय."